बाबांच्या खतावणीतले गेम

जुने व्हिडिओ गेम जमवायला लागल्यापासून ‘मलाही करायचंय, पण सुरुवात कुठून करू?’ असं विचारणारे बरेच जण भेटले. माझा संग्रह लहान आहे, कपाटाच्या दोन फळ्यांत मावतो. २०२२ च्या दिवाळीत सुरू केला आणि २०२४ च्या मार्चमध्ये थांबवला. मधल्या काळात जपानहून पार्सल मागवणं, कस्टम ड्यूटी भरणं, पिक्चर ट्यूबचा टीव्ही शोधणं, बनावट माल ओळखणं या सगळ्यातून जावं लागलं. जसं घडलं तसं क्रमाने लिहिते, म्हणजे दुसऱ्या कुणाचा वेळ आणि पैसा वाचेल.

आधी हे सगळं का केलं ते सांगते. सांगलीत आमची व्हिडिओ लायब्ररी होती. व्हीसीआर आणि सिनेमांच्या कॅसेट भाड्याने देणं हा मूळ धंदा. १९९६ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीपासून बाबांनी व्हिडिओ गेमही द्यायला सुरुवात केली. ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ असे टीव्हीला जोडायचे सेट ते मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून घेऊन यायचे. सेट एका दिवसाला साठ रुपये, गेमची जादा कॅसेट दहा रुपये, डिपॉझिट दोनशे. घरी स्वतःचा सेट असलेलं पोर गल्लीत एखादंच. बाकीची चार-पाच जणांत वर्गणी काढायची, शनिवारी संध्याकाळी सेट न्यायची आणि रविवारी रात्री डोळे लाल करून परत आणायची.

जुलै २००५ मध्ये कृष्णेचं पाणी दुकानात शिरलं. सेट, कॅसेट, सिनेमांच्या सीडी, सगळं चिखलात गेलं. गेमच्या धंद्यात तोवर तशीही फार जान उरली नव्हती. बाबांनी दुकान पुन्हा उघडलं ते मोबाईल रिचार्जचं. भाड्याची खतावणी मात्र हिशेबासाठी घरी आणून ठेवलेली होती, म्हणून ती वाचली.

२०२२ च्या दिवाळीत साफसफाई करताना माळ्यावरून ती खाली आली. लाल कापडी पाठीची लांब वही. तारीख, गिऱ्हाइकाचं नाव, सेट नंबर, कॅसेट, डिपॉझिट आणि शेवटी ‘परत’ असा रकाना. बाबा ती घेऊन बसले आणि जेवायला उठेचनात. नंतर म्हणाले, “नावं आहेत सगळी. माल गेला.”

तो माल पुन्हा आणायचा असं मी त्या रात्री ठरवलं. दुर्मिळ गेम, डब्यासकट गेम, आठशे-हजार गेमचा संग्रह, यांतलं मला काहीच नको होतं. वहीत जे आहे तेवढंच हवं होतं. आज मागे वळून पाहताना वाटतं, ही मर्यादा सुरुवातीलाच आखली गेली म्हणून मी या बाजारात वाहवत गेले नाही. हातात यादी नसेल तर प्रत्येक स्वस्त वस्तू घ्यावीशी वाटते.

नोव्हेंबर ते जानेवारी निव्वळ ओळख पटवण्यात गेले. वहीतली नावं कंपनीची नव्हती. स्टिकरवर इंग्रजीत किंवा चिनीत काहीही असो, पोरं जे म्हणायची तेच बाबा लिहायचे. ‘टँक’, ‘सर्कस’, ‘कुऱ्हाडवाला’, ‘गाढव मोटरसायकल’ (हे अजून बाबांनाही सांगता येत नाही, पण बहुधा एक्साइटबाइक), ‘बॉम्ब’, ‘पेंग्विन’, ‘पेंग्विन जोडी’. मी एकेक नाव घ्यायचे, बाबा वर्णन सांगायचे, आणि मग आम्ही दोघं लॅपटॉपवर त्या गेमचे व्हिडिओ पाहून खात्री करायचो.

काही पटकन सुटले. ‘टँक’ म्हणजे नामको कंपनीचा १९८५ चा ‘बॅटल सिटी’: विटांच्या भिंती, खाली मधोमध गरुड, आणि तो गरुड सांभाळायचा. ‘सर्कस’ म्हणजे ‘सर्कस चार्ली’. ‘कुऱ्हाडवाला’ म्हणजे टोपी घातलेला, गवताचा घागरा नेसलेला, फळं खात कुऱ्हाडी फेकत पळणारा मुलगा. तो बाहेरच्या देशांत ‘ॲडव्हेंचर आयलंड’ या नावाने गेला. मूळ जपानी गेम १९८६ चा आणि त्याचा नायक एक खरा माणूस आहे. ताकाहाशी मेइजिन या नावाने प्रसिद्ध असलेले हडसन कंपनीचे हे कर्मचारी सेकंदाला सोळा वेळा बटण दाबण्यासाठी जपानी मुलांत गाजले होते. हे कळल्यावर बाबांना फार आनंद झाला. “म्हणजे तो माणूस आहे अजून?” असं त्यांनी विचारलं. आहे म्हटल्यावर त्यांनी वहीत त्या नावापुढे पेन्सिलीने बरोबरची खूण केली.

दोन पेंग्विननी मात्र दमवलं. मी दोन्ही एकच समजत होते. बाबा म्हणाले, “नाही, एक पळतो आणि एक लग्न जुळवतो.” पळणारा कोनामीचा ‘अंटार्क्टिक ॲडव्हेंचर’ निघाला. दुसरा १९८५ चा ‘बायनरी लँड’. त्यात भिंतीच्या दोन बाजूंना दोन पेंग्विन असतात, एक डावीकडे गेला की दुसरा उजवीकडे जातो, आणि दोघांना एकाच वेळी वरच्या हृदयापाशी पोचवायचं असतं. बाबांच्या म्हणण्याप्रमाणे हा गेम न्यायला मुली जास्त यायच्या. वहीतल्या नावांवरूनही तसंच दिसतं.

ज्यांना अशीच ओळख पटवायची आहे त्यांना एक सांगते. आपल्याकडच्या ‘९९९९९९९ इन १’ कॅसेटवर विसंबू नका. त्यात प्रत्यक्षात मोजकेच गेम असतात, तेच वेगळ्या लेव्हलपासून सुरू करून नवीन नावाने पुन्हा पुन्हा लावलेले. आणि गेमच्या पहिल्या स्क्रीनवरचं कंपनीचं नाव बऱ्याचदा पुसलेलं असतं. स्क्रीनवरच्या आकड्यांची जागा, बॉर्डरचा रंग, जीव गेल्यावर वाजणारी धून, यांवरून ओळख पक्की होते. धून तर बाबांना सगळ्यांच्या पाठ होत्या.

यादी स्वच्छ केली तेव्हा तिशीच्या आसपास गेम उरले. तीन ओळखू आले नाहीत.

मग खरेदी. आपल्याकडे जे सेट मिळायचे ते बहुतेक निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या ‘फॅमिकॉम’ या गेम-यंत्राच्या नकला होत्या. फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी १४,८०० येनला बाजारात आला. त्याच्या कॅसेटला साठ पिना असतात आणि आपल्याकडच्या सेटनाही साठच. अमेरिकेत विकल्या गेलेल्या एनईएसच्या (फॅमिकॉमच्याच अमेरिकी रूपाच्या) कॅसेटला बहात्तर असतात, त्या बसत नाहीत. म्हणून अमेरिकेतून काही मागवायचा मोह टाळावा. आपल्या लहानपणाचा माल जपानी मापाचा आहे.

माझा मावसभाऊ तोक्योत निशी-कासाईला राहतो. त्या भागात भारतीय कुटुंबं भरपूर, मराठीही पुष्कळ. फेब्रुवारी २०२३ मध्ये मी त्याला यादी पाठवली. पहिल्याच रविवारी तो आकिहाबाराला, म्हणजे तिथल्या इलेक्ट्रॉनिक्स-गेमच्या बाजारात, जाऊन आला. “ताई, इथे पर्यटकांची झुंबड आहे, भाव चढे आहेत. मी जरा बाहेरच्या भागात बघतो.” ते खरं ठरलं. उपनगरातल्या ‘हार्ड ऑफ’सारख्या जुन्या मालाच्या दुकानांत ‘जंक’ लिहिलेले क्रेट असतात. त्यातला माल तपासलेला नसतो, परत घेत नाहीत, पण भाव निम्म्यावर येतो. साधे, लाखांनी खपलेले गेम पाचशे ते हजार येनमध्ये मिळाले. तेव्हा एक येन म्हणजे साठ पैशांच्या आसपास होता. ‘कॉन्ट्रा’ सगळ्यांत महाग पडला, सहा हजार येनच्या वर. डबा आणि माहितीपुस्तक हवं असेल तर हेच भाव कितीतरी पटींनी वाढतात. आमच्या दुकानात डबे कधीच नव्हते, त्यामुळे मला तो प्रश्न आला नाही.

पहिलं पार्सल एप्रिलमध्ये ईएमएसने, म्हणजे परदेशी स्पीड पोस्टने, निघालं. इथे कागदपत्रांचं थोडं सविस्तर लिहिते, कारण लोक यालाच घाबरतात.

भाऊ आधी म्हणाला, गिफ्ट लिहून पाठवतो. ते करू नका. डिसेंबर २०१९ पासून टपालाने किंवा कुरिअरने ‘भेटवस्तू’ म्हणून माल आणण्याची सवलत बंद झाली आहे, जीवरक्षक औषधं आणि राख्या हे अपवाद सोडून. त्याने फॉर्मवर ‘वापरलेल्या व्हिडिओ गेम कॅसेट, वैयक्तिक वापरासाठी’ असं लिहिलं, संख्या आणि खरी किंमत लिहिली आणि दुकानांच्या पावत्यांच्या झेरॉक्स आत ठेवल्या. मी त्या पावत्यांचे फोटो आणि आधार कार्डाची प्रत माझ्याकडेही तयार ठेवली. पार्सल भारतात पोचल्यावर ट्रॅकिंगवर बरेच दिवस ‘कस्टम’ एवढंच दिसत राहिलं. त्या दिवसांत मी सकाळी उठून आधी ट्रॅकिंग पाहायचे, मग चहा. शेवटी आमच्या पोस्टातून फोन आला की पार्सल आलंय, ड्यूटी भरून घेऊन जा. मूळ सीमाशुल्क, त्यावर अधिभार आणि वर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), असं सगळं मिळून किमतीच्या निम्म्याहून जास्त रक्कम झाली. हिशेबात फक्त कॅसेटची किंमत धरत नाहीत, टपालखर्चही धरतात, हे लक्षात ठेवा. म्हणूनच थोडा-थोडा माल वारंवार मागवणं परवडत नाही. पावती मिळते, ती जपून ठेवा.

जपानहून निघाल्यापासून पार्सल हातात पडेपर्यंत महिना-सव्वा महिना गेला. उरलेला माल भावाने सप्टेंबरमध्ये गणपतीला येताना सामानातून आणला. त्या वेळी लागू असलेल्या नियमांप्रमाणे पन्नास हजार रुपयांपर्यंतच्या वस्तू बॅगेजमधून ड्यूटीशिवाय आणता येत होत्या. हे नियम बदलत असतात, तेव्हा माणूस निघण्याआधी ताजे पाहून घ्या. कॅसेट हातातल्या बॅगेत ठेवायच्या आणि पावत्या वरच्या कप्प्यात.

पार्सल उघडलं तो दिवस मला नीट आठवतो. ‘बॅटल सिटी’ची कॅसेट उलटी केली तर मागे काळ्या मार्करने मुलाचं नाव लिहिलेलं. कोवळं, वाकडंतिकडं, शेवटचं अक्षर जागा न उरल्यामुळे बारीक झालेलं. भावाने फोनवर वाचून दाखवलं. जपानी मुलं एकमेकांना कॅसेट उसन्या द्यायची, म्हणून नाव घालायची पद्धत होती. असं नाव असलं की बाजारात किंमत कमी होते. मी भावाला तेव्हाच कळवलं की यापुढे नाव असलेलीच मिळाली तर आधी ती घे. नंतर वाचलं की जपानात एक गृहस्थ अशा नाव घातलेल्या कॅसेट मुद्दाम जमवतात आणि मूळ मालकाला परत करायचा प्रयत्न करतात. जमवण्याच्या ज्या ज्या कारणांबद्दल मी वाचलं-ऐकलं, त्यांत हे मला सर्वांत भावलं.

आता यंत्र. मूळ १९८३ च्या फॅमिकॉमचं चित्र अँटेनाच्या वायरीतून जपानी चॅनलवर येतं, आपले टीव्ही ते पकडत नाहीत. त्यामुळे डिसेंबर १९९३ मध्ये आलेलं नवं मॉडेल घ्यावं, ज्याला लोक ‘एव्ही फॅमिकॉम’ म्हणतात. त्यातून साधी पिवळी-पांढरी वायर निघते. मला दोन रिमोटसह साडेपाच हजार रुपयांच्या आसपास पडलं. जपानी अडॅप्टर १०० व्होल्टचा असतो, तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये कधीही लावू नये, जळतो. मूळ अडॅप्टर १० व्होल्ट डीसी, ८५० मिलिअँपिअर देतो आणि पिनेच्या आत ऋण, बाहेर धन असं असतं. आपल्याकडचे बहुतेक अडॅप्टर याच्या उलट असतात. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत एका दुकानदाराने मीटरने तपासून पिन उलटी जोडून दिली. साडेचारशे रुपये.

टीव्ही पिक्चर ट्यूबचाच हवा होता, कारण वहीत ‘बदक बंदूक’ होती. ‘डक हंट’ची बंदूक सपाट टीव्हीवर चालतच नाही. चाप ओढला की क्षणभर सगळा स्क्रीन काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीतला सेन्सर तो उजेड पाहतो. पिक्चर ट्यूबवर चित्र ज्या क्षणी आणि ज्या लयीत उमटतं त्यावर हे सगळं बेतलेलं आहे. एलसीडीला चित्र दाखवायला थोडा उशीर होतो आणि त्याचा उजेडही वेगळा असतो, त्यामुळे सेन्सरला काही कळत नाही.

पुण्यातल्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात मला २१ इंची टीव्ही आठशे रुपयांत मिळाला. घेताना आतून जळका वास येत नाही ना, चित्र कोपऱ्यांत रंगीत डाग दाखवत नाही ना, हे चालवून पाहावं. आणि मागे किंवा मेनूत ‘एनटीएससी’ (जपानी टीव्हीची चित्रपद्धत) लिहिलेलं आहे का ते पाहावं, नाहीतर जपानी यंत्राचं चित्र काळं-पांढरं दिसतं किंवा वर सरकत राहतं. टीव्हीचं मागचं झाकण स्वतः उघडू नका. बंद केल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहतात. माझ्या टीव्हीचा आवाज जात होता. साठी ओलांडलेल्या एका मेकॅनिकनी घरी येऊन दोन कपॅसिटर बदलले, बाराशे घेतले आणि पुढचा एक तास ‘टँक’ खेळले.

कॅसेट साफ करायला मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे मिळणारं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि इअरबड पुरतात. पिनांवरून हलक्या हाताने, काळं यायचं थांबेपर्यंत. फुंकर मारू नका. आपण सगळ्यांनी लहानपणी मारली आहे, पण तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात.

ऑक्टोबर २०२३ मध्ये बाबा माझ्याकडे पुण्याला आले. सगळं जोडून ठेवलं होतं. मी मारिओ लावला. अस्सल यंत्र, अस्सल १९८५ ची कॅसेट. बाबा थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “अगं, हा घाईत आहे.”

मला वाटलं त्यांना सवय राहिली नसेल. ते म्हणाले, “नाही, आपला मारिओ एवढा पळत नव्हता. आणि गाणं ऐक. आपलं गाणं सावकाश होतं.”

बाबांचं म्हणणं शब्दशः बरोबर होतं. जपानी टीव्ही सेकंदाला साठ चित्रं दाखवतो, आपला पन्नास. हे गेम एकेका चित्राच्या तालावर चालतात, चाल आणि संगीत दोन्ही. त्यामुळे आपल्या टीव्हीसाठी बनवलेल्या नकली सेटवर तोच गेम सुमारे एक षष्ठांशाने हळू चालायचा. जपानच्या मुलांनी खेळलेला मारिओ आणि सांगलीच्या मुलांनी खेळलेला मारिओ वेगवेगळ्या वेगाचे होते. दुकानात काउंटरमागे बसून बाबांनी रोज ऐकलेली धून या अस्सल यंत्रातून कधीच निघणार नव्हती.

यावर मी बरेच दिवस विचार केला. मी बाबांचा माल परत आणायला निघाले होते आणि बाबांचा माल अस्सल नव्हता. हे स्वच्छ सांगायला हवं की ते सगळे सेट आणि कॅसेट बिनपरवाना नकला होत्या. ज्यांनी गेम बनवले त्यांच्या हाती आमच्या साठ रुपयांतला एक पैसाही पडला नाही. मूळ कॅसेट घ्याव्यात, त्यांवरची बनवणाऱ्यांची नावं बाबांना दाखवावीत, ही माझी इच्छा त्यामुळेच होती आणि ती आजही योग्य वाटते. पण वहीमागचा माल म्हणजे पिवळ्या प्लॅस्टिकच्या त्या कॅसेट आणि हळू चालणारा तो सेट. म्हणून दोन्ही ठेवायचं ठरवलं: वरच्या फळीवर जपानहून आलेलं, खालच्या फळीवर आपल्याकडे आलेलं.

खालची फळी भरणं जास्त अवघड गेलं. अस्सल वस्तू लोक जपून ठेवतात, नकला फेकून देतात. शिवाय आता नकलांच्याही नकला निघाल्या आहेत. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून ‘ओरिजिनल’ म्हणून मागवलेली एक कॅसेट आली तेव्हा तिचं स्टिकर चकचकीत आणि अक्षरं पसरलेली होती. या कॅसेटना स्क्रू नसतात, कडेच्या खाचांत पातळ पट्टी घालून हळूच दाबलं की दोन भाग सुटतात. आत हिरव्या पट्टीवर फक्त काळ्या डांबरासारखा गोल ठिपका होता. मूळ कॅसेटमध्ये सहसा पायांच्या चिप आणि त्यांवर छापलेले क्रमांक असतात. मी फोटो पाठवून कॅसेट परत केली. पैसे मिळायला तीन-चार आठवडे लागले. पार्सल उघडताना व्हिडिओ काढला होता, तो उपयोगी पडला.

आणि वहीत ‘मारिओ १४’ होता. असा गेम निन्टेन्डोने कधी काढलाच नाही. शोधल्यावर कळलं, इरेम कंपनीच्या १९९३ च्या ‘काइकेत्सू यान्चामारू ३’मध्ये नायकाच्या जागी कुणीतरी मारिओ बसवला होता. मूळ जपानी कॅसेट मिळत होती. बाबांना विचारलं. ते म्हणाले, “त्यात मारिओ होता म्हणून पोरं न्यायची. बिनमारिओची आणून काय करू?”

मग मी वही पुन्हा उघडली, या वेळी गिऱ्हाइकांच्या नावांसाठी. ‘मारिओ १४’ शेवटची कुणी नेली? नोव्हेंबर १९९९ मध्ये, मिरजेच्या एका मुलाने. ‘परत’च्या रकान्यात सही नाही. बाबांना ते घर माहीत होतं. डिसेंबरमध्ये आम्ही दोघं गेलो. तो मुलगा आता चाळिशीतला, त्याचं औषधांचं दुकान आहे. बाबांना पाहून तो काउंटरमागून बाहेर आला आणि पाया पडला. कॅसेटचं नाव काढताच म्हणाला, “काका, आहे. तुमचीच आहे. वडील वारले त्या आठवड्यात राहून गेली, मग द्यायला यायची लाज वाटली.” घरातून आईने स्टीलच्या डब्यातून ती आणली. पिवळी, एक कोपरा चावलेला, मागे बाबांच्या अक्षरात दुकानाचा नंबर. पुरातून वाचलेली आमच्या दुकानाची बहुधा ती एकमेव कॅसेट. बाबांनी खिशातून दोनशे रुपये काढून त्याच्या हातात ठेवले आणि वहीत सही घेतली. त्याने ते पैसे घ्यायला बराच वेळ नकार दिला. बाबा म्हणाले, “हिशेब आहे, घ्यायचा.”

या दीड वर्षात इतर जमवणारेही भेटले. एका डॉक्टरांना लहानपणी घरच्यांनी गेम घेऊ दिला नव्हता, ते फक्त न उघडलेले डबे घेतात आणि उघडत नाहीत. कोल्हापूरचा एक तरुण तर त्या काळात जन्मलाही नव्हता. चाळीस किलोबाइटमध्ये अख्खा मारिओ कसा बसवला हे त्याला समजून घ्यायचंय, म्हणून तो जुन्या कॅसेट उघडून चिपचा अभ्यास करतो. एक बाई मोठ्या भावाबरोबर खेळायच्या, भाऊ आता परदेशी असतो, दोघंही एकच गेम घेतात आणि फोन लावून आपापल्या घरी खेळतात. भावात वाढ होईल म्हणून घेणारेही भेटले. त्यांच्याशी माझं फारसं जमलं नाही. भाव वर जातात तसे खालीही येतात, आणि कॅसेट नुसती कपाटात पडून राहिली की पिना काळ्या पडतातच.

माझा एकूण खर्च चाळीस हजारांच्या आतच राहिला. त्यात ड्यूटी आणि टपाल मिळून जवळजवळ पाव भाग. खालच्या फळीवरचा पन्नास हर्ट्झचा सेट सोलापूरच्या एका घरातून बंदुकीसह पंधराशेला मिळाला. पावसाळ्यात दोन्ही फळ्यांवर सिलिका जेलच्या पुड्या ठेवते आणि महिन्यातून एकदा सगळं चालवते.

मार्च २०२४ मध्ये मी खरेदी थांबवली. न ओळखू आलेल्या तिनांपैकी दोन मधल्या काळात सुटले. उरला तो वहीतला ‘उलटा माणूस’. १९९८ च्या सुट्टीत तो सतत बाहेर होता, म्हणजे चांगला चालायचा. बाबांना एवढंच आठवतं की माणूस छताला चिकटून डोकं खाली करून चालायचा आणि पाठीमागे निळी रात्र होती. मी त्यांना इरेमचा ‘मेटल स्टॉर्म’ दाखवला, त्यात गुरुत्वाकर्षण उलटतं आणि छतावरून चालता येतं. बाबांनी मान हलवली, “हा रोबोट आहे. तो माणूस होता, टोपीवाला.” सांगली-मिरज भागात त्या काळी कुणी हा गेम खेळला असेल आणि काही आठवत असेल, तर जरूर सांगा. धून आठवत असेल तर ती गुणगुणून पाठवलीत तरी चालेल, बाबा ओळखतील.